तणाव सोसायला शिकवू नका, कमी करा : शिक्षण अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळांबद्दलचे निर्णय ज्या कार्यालयांत होतात, तिथल्या सर्व अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

मी मुंबईत, गिरणगावातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. 2006 साली शिक्षण सेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरची नवी शिक्षिका, म्हणून लागले आणि तेव्हापासून याच शाळेत आहे. हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी ते पालकांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे. म्हणून ते टपालात न टाकता उघड लिहिते आहे.

अलीकडे आमच्या भागातल्या शिक्षकांसाठी तणावमुक्तीची कार्यशाळा झाली. हजेरी सक्तीची होती, शनिवार होता, आणि आल्याचा फोटो ठिकाणासह पाठवायचा होता. प्रशिक्षक बाई मनापासून बोलत होत्या, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि त्यावर दोन वर्तुळे काढायला लावली, एकात एक. आतल्या वर्तुळात आपल्या हातात असलेल्या गोष्टी लिहायच्या, बाहेरच्यात हातात नसलेल्या. मग डोळे मिटायचे, दीर्घ श्वास घ्यायचा आणि बाहेरच्या वर्तुळातले सगळे मनातून सोडून द्यायचे.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचे बाहेरचे वर्तुळ भरून कागदाच्या मागे गेले. माझेही तसेच झाले. ते कागद कोणी गोळा केले नाहीत. कोणी वाचलेही नाहीत. प्रतिसादाची लिंक मात्र त्याच संध्याकाळी आली. आमच्या कागदांवर काय होते ते आपल्यापर्यंत पोहोचावे, यासाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे.

जे हातात नाही त्यावर जीव जाळू नये, हे मला पटते. त्याशिवाय या नोकरीत इतकी वर्षे काढता आली नसती. पावसाने दादर-परळला पाणी तुंबते, लोकल बंद पडते, यावर माझा इलाज नाही. एखाद्या मुलाचा बाप दारू पिऊन रात्रभर घरात गोंधळ घालतो आणि ते मूल पहिल्या तासाला बाकावर झोपते, तेव्हा मी त्याला दहा मिनिटे झोपू देते, मधल्या सुट्टीत त्याला काही खायला मिळाले का बघते, आणि पुढे जाते. अशा गोष्टी मी सोडून द्यायला शिकले आहे. पण आमच्या बाहेरच्या वर्तुळातल्या बहुतेक गोष्टींना जावक क्रमांक असतो, दिनांक असतो आणि खाली सही असते. त्या आमच्या हातात नाहीत, कारण त्या आपल्या हातात आहेत. त्या सोडून द्या असे आम्हाला सांगणे मला मान्य नाही.

सर्वांत आधी मतदार यादीचे काम. शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 27 शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून कोणतेही अशैक्षणिक काम देऊ नये असे सांगते. निवडणुकीचे काम त्यात बसते, ते आम्ही नाकारत नाही. लोकशाहीचे काम आहे, कोणीतरी करायलाच हवे. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्येच स्पष्ट केले होते की मतदार यादीसारखी कामे शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत. शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळेत साधारणपणे देऊ नयेत. प्रत्यक्षात बीएलओचा, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामाचा, आदेश हातात पडतो तो भर सत्रात. बैठक दुपारी असते, आणि तेव्हा माझा आठवीचा तास असतो. न गेल्यास गुन्हा दाखल होईल, अशी ताकीद आदेशातच छापलेली असते.

हे काम मुंबईत कसे होते ते सांगते. यादीत लिहिलेले असते, अमुक चाळ, दुसरा मजला, खोली क्रमांक 23. तिथे गेले तर चाळच नसते. पुनर्विकासासाठी पाडलेली असते, चारी बाजूंनी निळे पत्रे असतात. तिथली माणसे कोणी सायनच्या प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात, कोणी दिव्याला, कोणी बदलापूरला. मी कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारते, जुन्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना फोन करते, आणि माणूस सापडला तर पत्ता बदलण्याचा फॉर्म आठ, नाही सापडला तर नाव वगळण्याचा फॉर्म सात. मग मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकावर जाऊन उभी राहते. वॉचमन वर फोन लावतो, वरून कोणी तरी म्हणते की आत्ता वेळ नाही, रविवारी या. रविवारी जाते. हे सगळे मी प्रामाणिकपणे करते, कारण त्या यादीत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची नावे असतात.

त्या वेळात वर्गात काय होते? आठवीला बैजिक राशींचे अवयव शिकवायचे असतात. बेरीज उणे एक आणि गुणाकार उणे बारा येईल अशा दोन संख्या शोधायच्या. ज्याला ऋण संख्या पक्क्या येतात, तो पाच-सहा जोड्या करून बघतो आणि उणे चार, तीन अशी जोडी सापडली की बाकावर उडी मारतो. ज्याचे ते तास मागच्या वर्षी माझ्या बैठकांत गेले, तो वहीकडे बघत बसतो. त्याला वाटते आपल्याला गणित येत नाही. त्याला कोणी सांगत नाही की त्याला ते नीट शिकवलेच गेले नाही. मला रात्री जे आठवते ते हे. ताकीद किंवा नोटीस आठवत नाही, त्या मुलाचा चेहरा आठवतो. यावर दीर्घ श्वास हा उपाय नाही.

आता जनगणना आहे. तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे प्रत्यक्ष माणसे मोजण्याचे काम फेब्रुवारीत येणार. फेब्रुवारी हा बोर्डाच्या परीक्षांचा महिना. पर्यवेक्षण करणारे शिक्षक तेच, पेपर तपासणारे तेच, आणि दारोदार जाणारेही तेच. हे वेळापत्रक आज सर्वांना माहीत आहे. त्यामुळे ऐनवेळी धावपळ झाली तर ती टाळता न येणारी होती, असे कृपया म्हणू नये.

दुसरी गोष्ट संचमान्यतेची, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याची, आणि ही मला सर्वांत जास्त टोचते. शाळेत किती शिक्षक राहणार हे पटावर ठरते, आणि पट धरला जातो तो आधार जुळलेल्या मुलांचा. मूल रोज वर्गात बसते, प्रार्थना म्हणते, खिचडी खाते, माझ्याकडून छडीऐवजी गणिते घेते, पण त्याच्या आधारवरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधले नाव जुळले नाही तर मोजणीत ते नसते. 

आमच्या सातवीत एक मुलगी आहे. तिचे नाव इथे लिहिणार नाही. शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावात एक काना जास्त आहे, आधारवर जन्माचे फक्त वर्ष बरोबर आहे. दुरुस्तीसाठी जन्म दाखला लागतो. तिचा जन्म लातूर जिल्ह्यात आजोळी झाला, आणि तिथे नोंद झाली ती घरातल्या लाडक्या नावाने. तिची आई चार घरी स्वयंपाक करते. गावाला जाऊन यायचे म्हणजे तिची चारही घरे सुटण्याची भीती. मी त्या माउलीला घेऊन आधार केंद्रावर गेले. सकाळी टोकन संपले होते. परत गेलो तेव्हा मशीनने मुलीच्या बोटांचे ठसे घेतले नाहीत. अखेर तिच्या मामाने गावाकडून दाखला काढून पाठवला आणि काम मार्गी लागले, पण तोपर्यंत पट धरण्याची तारीख उलटून गेली होती. अशा दोन-चार मुलांवर एका शिक्षकाचे पद टिकते किंवा जाते. गेले की तो शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात मुंबईच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि मागे राहिलेल्यांवर त्याचे विषय येतात. मी भूगोल शिकवला आहे, चित्रकलाही शिकवली आहे. मुलांना दोन्ही विषयांचे खरे शिक्षक मिळायला हवे होते.

गिरणगावातल्या मराठी शाळांचा पट का घटला, हे आपल्याला माझ्याइतकेच माहीत आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग चाळी गेल्या, माणसे कर्जत-कसारा-विरारकडे सरकली. जी राहिली त्यांतल्या बऱ्याच जणांनी मुले इंग्रजी माध्यमात घातली. यात वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा दोष किती? तरी प्रत्येक बैठकीत पट का घटला याचा खुलासा मुख्याध्यापकांकडेच मागितला जातो, आणि मे महिन्यात आम्ही शिक्षक घरोघर मुले शोधत फिरतो.

माहिती मागवण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण प्रत्येक शिक्षकाला ते पाठ आहे. "अतितात्काळ", "आज दुपारी दोनपर्यंत", "विलंब झाल्यास व्यक्तिशः जबाबदार". केंद्राच्या युडायस पोर्टलमध्ये भरलेली माहिती राज्याच्या सरल पोर्टलवर, सरलवरची पुन्हा गुगल शीटमध्ये, आणि तीच कागदावर सही-शिक्क्यासह. शाळेत लिपिकाचे पद रिकामे आहे, त्यामुळे हे सगळे ऑफ तासाला आम्ही करतो. शिक्षण हक्क कायद्याच्याच परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास धरताना पाठाच्या तयारीचा वेळ त्यात मोजला आहे. तो तयारीचा वेळ आमच्याकडून काढून घेतला जातो. राज्य शासनाने 2024 मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णयही काढला. तो वाचून आम्हाला खरोखर आनंद झाला होता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आला, आणि त्याच ग्रुपवर माहिती मागवणे सुरूच राहिले.

मग निर्णय बदलण्याचा प्रश्न. 2025 चे उदाहरण घेते. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा पहिला शासन निर्णय 16 एप्रिलला आला. 16 जूनला शाळा उघडल्या. 17 जूनला सुधारित निर्णय आला. 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले. भाषेबद्दल माझे मत आहे, पण ते इथे मांडत नाही. आमच्याच इमारतीतल्या प्राथमिकच्या बाईंना त्या दोन आठवड्यांत पालकांनी दारात गाठून विचारले, बाई, नक्की काय शिकवणार, पुस्तक कोणते, वही कितीची घेऊ? त्यांनी आज एक सांगितले, उद्या दुसरे सांगावे लागले. निर्णय मंत्रालयात झाला होता, पण पालकांच्या नजरेत खोट्या पडल्या त्या बाई. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत लांबवल्या आणि निकाल मात्र 1 मेला हवा होता. ज्यांचे गाव कोकणात आहे अशा पालकांनी तिकिटे आधीच काढली होती. उत्तरे आम्हीच दिली.

पावसाळी सुट्टीचेही असेच. सकाळच्या सत्राची मुले पावणेसातला फाटकात असतात, आमचे शिक्षक टिटवाळ्याहून, नालासोपाऱ्याहून पहाटेच निघालेले असतात, आणि सुट्टीचा निरोप त्यानंतर येतो.

आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार, ज्यांच्या सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षे उरली आहेत त्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे, नाहीतर सेवा संपेल. मी त्यात येते. मी लागले तेव्हा ही परीक्षा अस्तित्वात नव्हती. त्या वेळच्या नियमांतली प्रत्येक अट पुरी करून मी लागले. न्यायालयाचा निकाल आपण केलेला नाही, हे मला समजते आणि निकालाचा मी मान राखते. अभ्यास मी सुरू केला आहे. डोंबिवलीहून येताना गाडीत जागा मिळाली तर बालमानसशास्त्राचे पुस्तक उघडते. आमच्या शिक्षक खोलीत पन्नाशीकडे झुकलेले सर आणि बाई मधल्या सुट्टीत एकमेकांना प्रश्न विचारतात. ज्यांच्या हाताखालून मुले डॉक्टर होऊन गेली, ती माणसे हलक्या आवाजात म्हणतात, नापास झालो तर घरी काय सांगू? या माणसांना आपल्याकडून धीराचा, माहितीचा एक कागद यायला हवा होता. परीक्षा कधी, किती वेळा, तयारीला रजा मिळेल का, वरिष्ठ शिक्षकांबाबत शासनाची भूमिका काय, यांतले आमच्यापर्यंत लेखी काही पोहोचलेले नाही. व्हॉट्सॲपवरच्या अफवांवर आम्ही झोप घालवतो.

आणि नवी मुले. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षे वाट पाहून लागलेले शिक्षण सेवक. 2023 मध्ये त्यांचे मानधन वाढवून प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 केले, त्याबद्दल आभार. पण या शहरात त्यात खोलीचे भाडे, रेल्वेचा पास आणि गावी पाठवायचे पैसे बसत नाहीत. आमच्याकडचा एक तरुण शिक्षक संध्याकाळी क्लासमध्ये शिकवतो आणि सकाळी आमच्या सहावीला. विज्ञानाचे प्रयोग त्याच्यासारखे मी कोणाकडे पाहिले नाहीत. तो किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

आमच्या हातात जे आहे ते आम्ही करतो, हेही आपल्याला कळावे. एखाद्याला बीएलओच्या कामाला जावे लागले की त्याचा तास दुसरा घेतो, नुसते वर्ग सांभाळत नाही, पाठ पुढे नेतो. त्यासाठी आम्ही प्रत्येक विषयाचे एक पान टिपण कपाटात ठेवलेले असते. पहिले दोन तास मोबाईल कपाटात, असे आम्ही आपापसांत ठरवले आहे. कोणाला नोटीस आली तर तो एकटा बसून खुलासा लिहीत नाही, आम्ही बाजूला बसतो. डबा एकत्र खातो. निवृत्त झालेल्या आमच्या एक बाई अजून बुधवारी येतात आणि कच्च्या मुलांचे गणित घेतात, विनामोबदला. तणाव कमी कसा करायचा हे आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. आता आपली बाजू बाकी आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. मतदार यादीचे काम 2007 च्या निकालाप्रमाणे शिकवण्याच्या वेळेबाहेरच द्यावे, आणि एखाद्या विषयाला शाळेत एकच शिक्षक असेल तर त्याला त्यातून वगळावे. जनगणनेच्या नेमणुका करताना दहावी-बारावीच्या परीक्षेचे काम असलेल्यांची नावे आधीच काढावीत. संचमान्यतेत वर्गात प्रत्यक्ष बसलेले मूल मोजावे. केंद्रप्रमुखांनी समोर हजेरी घ्यावी आणि आधार जुळायचे राहिले म्हणून पद जाऊ नये. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये, आणि मागायचीच तर किमान तीन कामाचे दिवस द्यावेत. ज्या निर्णयाने वर्षाचे शिकवणे बदलते तो एप्रिल संपण्याआधी यावा, शाळा उघडल्यावर नव्हे. पावसाचा रेड अलर्ट असेल तर सकाळच्या सत्राचा निर्णय आदल्या रात्री व्हावा. टीईटीबाबत शासनाची भूमिका लेखी कळवावी, परीक्षेच्या पुरेशा संधी द्याव्यात आणि अभ्यासासाठी रजा द्यावी. लिपिकांची रिकामी पदे भरावीत.

एक मागणी पालकांसाठी आहे. शिक्षक बाहेरच्या कामाला गेल्यामुळे किती तासिका बुडाल्या, कोणत्या इयत्तेच्या, कोणत्या विषयाच्या, हे दर महिन्याला शाळेच्या फलकावर लावण्याची परवानगी द्यावी. त्याखाली कोणाचाही दोष लिहायचा नाही, फक्त आदेशाचा क्रमांक लिहायचा. आमच्याकडे अशी वही आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ती कोणत्याही दिवशी पाहता येईल.

पुढची कार्यशाळा ठरली असेल तर तिच्यासाठी ठेवलेला निधी आणि तो शनिवार आधार दुरुस्तीच्या शिबिराला द्यावा. आमच्या शाळेचे सभागृह मोकळे आहे, टेबले आहेत, इनव्हर्टर आहे, पालकांना निरोप देण्याचे काम आम्ही करू. यंत्र आणि ते चालवणारा माणूस आपण पाठवावा. शाळा उघडल्यानंतरचा पहिला शनिवार आम्हाला चालेल, तारीख मात्र पट धरण्याच्या आधीची असावी.

आपली,
गिरणगावातल्या एका अनुदानित मराठी शाळेतील शिक्षिका